बटणांच्या डब्यातल्या लाल गोळ्या

“ऐक रे राजा, डबा काय म्हणतोय!”

असं म्हणत एक तरुण आई रडणाऱ्या बाळाच्या कानाशी मला खुळखुळवायची. तो आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे.

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा डबा आहे. ती आई कपडे शिवते आणि तिच्या मशीनच्या फळीवर माझी जागा आहे. चाक फिरलं की मी थरथरतो, पोटातली बटणं गुणगुणू लागतात. हवं ते बटण मिळालं की ती माझं झाकण थोपटायची. “माझ्या डब्यात नाही असं काही नाही!”

ते बाळ मोठं झालं, त्याचं लग्न झालं, ती आई सासूबाई झाली, आणि आता सून गरोदर आहे. सासूबाई रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर रक्तवाढीची लाल गोळी तिच्या तळहातावर ठेवतात. “घे गं माझे बाई, दोघांची आहे ही.” सून ती गालात धरते. सासूबाईंची पाठ वळली की गोळी माझ्यात पडते. हल्ली बटणं लावायचं काम सुनेकडे आहे, म्हणून माझं झाकण तीच उघडते. पहिल्याच दिवशी उपाशीपोटी घेतली आणि तिला भडभडून उलटी झाली होती. पण इतक्या मायेनं दिलेल्याला नाही कसं म्हणायचं? आणि फेकून द्यायलाही मन धजत नाही.

माझी पांढरी बटणं तांबूस झाली. मशीन चाललं की आता गुणगुण येत नाही, नुसती धडधड येते.

काल नर्सताई आल्या. “रक्त आणखी उतरलंय. असंच राहिलं तर बाळंतपण जड जाईल.”

“अहो, रोज माझ्या हातानं देते की!” सासूबाई रडकुंडीला आल्या.

“त्रास होतो का गं गोळीनं? जेवणानंतर, पाण्याबरोबर घेता येते.”

सुनेनं मानेनंच ‘नाही’ म्हटलं. मला तोंड आहे, पण वाचा कुठे आहे?

मित्रांनो, डब्यात बटणं ठेवा, तुटके हूक ठेवा. जे माणसाला सांगायचं, ते मात्र आमच्यात ठेवू नका. आम्हाला ते पेलत नाही.

आज झबल्याला बटण हवं म्हणून सासूबाईंनी मला ओढलं. तेवढ्यात झाकणावर सुनेचा हात आला.

“अगं, उघडू दे की!”

“थांबा, आई. आधी मी सांगते. मला ती गोळी सोसत नाही. पहिली सोडली तर महिनाभर एकही घेतली नाही मी. सगळ्या ह्यात आहेत.”