गोजराची माफी

अरुणाबाई साळवे मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती. वाशीत सिडकोचा फ्लॅट मिळाला आणि वर्षभरात बाईंनी महिला मंडळ उभं केलं. अंगात हौस दांडगी. खाडीकाठच्या गावात गोजरा नावाची विधवा कोळीण हातभट्टी लावायची. मंडळाने तिची मडकी फोडली, आणि वर अरुणाबाईंनीच ठराव मांडला, की गोजराची मासळीही कुणी घ्यायची नाही. मग व्हायचं तेच झालं. पोटासाठी पंधरा दिवसांत भट्टी पुन्हा पेटली.

"पुन्हा फोडू," मंडळाच्या वैशालीताई म्हणाल्या.

अरुणाबाईंचं मन लागेना. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे; येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा एकेक घास घेत. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याशी समेट केल्याशिवाय ती भाकर घ्यायची नाही, असं वडिलांनी शिकवलं होतं. दारू वाईटच, पण एका बाईला उपाशी मारायचा ठराव त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी तो मागे घेतला आणि गोजराच्या दारात जाऊन "माझं चुकलं" म्हणाल्या. गोजराने दार लावून घेतलं.

वैशालीताई चिडल्या. "समाजकार्यात धर्म कशाला आणता?"

"तो काढला तर माझ्या हातात नुसती काठी उरते," अरुणाबाई म्हणाल्या. "गोजरा माझ्याहून वाईट नाही, हे मला दुसरं कोण सांगणार?"

समेट झालाच नव्हता, म्हणून तीन महिने चर्चमध्ये भाकरीचं ताट समोर आलं की त्या घास न घेता ते पुढे सरकवायच्या. घरी येऊन रडायच्या. भांडी घासणाऱ्या पुतळाने एकदा कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. पुतळा गोजराच्याच गावची.

चौथ्या महिन्यात, पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, दारात गोजरा उभी. पाटीत बोंबील आणि भट्टीचं मोठं जर्मनचं पातेलं.

"पुतला बोलली, माज्यापायी तू तुज्या देवाचा घास सोडलास. खरा हाय?"

"हो."

गोजराने पाटी खाली ठेवली. "मडकी फोडनारे लय आले, बाय. माज्यासाठी उपाशी कोनी नाय रायला." तिने पातेलं उंबऱ्याच्या आत सरकवलं. "हा तुज्याकडंच ठेव. मना परत नको."

अरुणाबाईंनी तिचे ओले हात धरले.

"उद्या जेव," गोजरा म्हणाली. "मी तुज्या चर्चच्या दाराशी बसन. तू घास घेतलास का नाय, मना बघायचा हाय."