किल्लीबाबांची अंगठी

"माझ्यासमोर पाच मिनिटं टिकेल असं कुलूप जगात नाही," असं मी दुकानात गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगतो. वीस वर्षं कुलपं दुरुस्त करतोय, सांगणारच! त्या दिवशी मात्र मी सकाळी आठपासून किल्लीबाबांच्या हॉलमध्ये कोंडलेला होतो. दाराला बाहेरून नाही, आतून कुलूप. किल्ली चेल्याच्या कमरेला, माझी हत्यारं बाहेर. आत लोखंड आणायचं नाही, असा बाबांचा नियम. दारातच चाव्या, पिना, सगळं काढून घेत होते.

पुढे मूल न होणाऱ्या बायका, मधे सासवा, मागे नवरे. प्रत्येक सुनेच्या तळहातावर बाबांचं पितळी कुलूप.

"कूस म्हणजे कुलूप! किल्ली कुणाकडे?"

"बाबांकडे!" सासवा ओरडल्या.

बाबांनी एकीच्या कुलपावरून नुसता हात फिरवला. खट्! उघडलं. हॉल रडायला लागला, सगळ्यांत मोठ्यानं माझी आई.

माझ्या बायकोचं काही उघडलं नाही. बाबांनी दुसराच हात फिरवला होता. "घरात पाप आहे. संध्याकाळपर्यंत बस. तोवर दार बंद."

बायकोनं वळून माझ्याकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते. डॉक्टरीणबाईंनी अकराच्या आत बोलावलं होतं. परवा रात्री तिला इंजेक्शन दिलेलं, आज बीज सुटणार. नवऱ्याचं वीर्य लॅबमध्ये धुवायचं, त्यातले चपळ शुक्रजंतू वेगळे काढायचे आणि बारीक नळीनं थेट गर्भाशयात सोडायचे. कापाकापी नाही, भूल नाही, त्याच दिवशी घरी. पण आजचा दिवस हुकला की महिना गेला, आणि तिला अडतिसावं चालू होतं.

"नळीनं कुठं मुलं होतात का?" म्हणत आईनं आधी इथे आणलं. आणि मी गप्प. कारण रिपोर्टात आळशी निघालेले शुक्रजंतू माझे, आणि आईला मी सांगितलं होतं, "हिचंच काहीतरी आहे."

"बाबा, मला जाऊ द्या," म्हणत बायको पुढे वाकली. अंबाड्यात एक पिन राहिली होती. ती सटकली, उडाली आणि बाबांच्या अंगठीला जाऊन चिकटली.

"पाप बाहेर आलं!" बाबा गरजले.

"पाप लोखंडाचं असतं होय?" बायकोनं त्यांचं बोटच धरलं.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. "अंगठीत लोहचुंबक आहे! कुलपातली खिट्टी लोखंडाची, चुंबक वरून गेला की सरकते!"

बायकोनं अंगठी उपसली, आपल्या कुलपावर फिरवली. खट्. शेजारणीनं घेतली. खट्. एका सत्तरीच्या सासूबाईंनी सुनेचं कुलूप हातात घेऊन फिरवली. खट्. "अगं बाई! आता मला दिवस जाणार की काय?"

"माझी शक्ती अंगठीत उतरलीय," बाबा म्हणाले.

"मग अंगठी राहू दे, तुम्ही निघा!" बायको म्हणाली.

आईचं मात्र एकच. "बाबा खोटा असेल. पण दोष हिचाच ना?"

अख्खा हॉल कान टवकारून आमच्याकडे वळला. नेमका तेव्हाच.

"नाही, आई. दोष माझ्यात आहे. मी खोटं बोललो."

आई उठली, चेल्यासमोर गेली आणि हात पुढे केला. त्यानं मुकाट किल्ली दिली.

पावणेअकराला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्याच खेपेला होईल असं नाही, दोन-तीनदा करावं लागतं. सगळ्यांनाच ते लागू पडतं असंही नाही. पण बाबाकडे घालवलेली वर्षं कुणी परत देत नाही. मूल दोघांना हवं ना? मग आधी तपासणी दोघांची." मलाही तुम्हाला एवढंच सांगायचंय. चमत्कार दिसला की आधी अंगठी मागा, आणि डॉक्टरकडे जोडीनं जा.

मी नमुना देऊन बाहेर आलो. आई बाकावर बसून शेजारच्या बाईंना माझे शुक्रजंतू आळशी कसे आणि ते धुतात कशासाठी, हे खणखणीत आवाजात समजावत होती. त्या बाई माझ्या दुकानाच्या जागेच्या मालकीणबाई होत्या.