राजाने न लावलेलं बोट

फ्रान्सचा राजा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याच्या राज्यात दोन पंथ एकमेकांच्या माना कापत होते, आणि तो गावोगाव फिरून बोट लावून गंडमाळ बरी करत होता. त्या बोटाने ओकच्या झाडांच्या गाठीसुद्धा जिरल्या, असं शपथेवर सांगणारी माणसं आमच्या गावात पैशाला पासरी होती. बार्तेलमी चांभार त्यांना हसायचा. तो ह्यूगनो, म्हणजे फ्रान्समधला प्रोटेस्टंट; त्याच्या पंथात असल्या चमत्कारांना थारा नाही.

मग त्याच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, ज्युदितच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. पोर अन्न गिळेना. आई आधीच गेलेली. राजा गावात येणार असं कळलं, तेव्हा बार्तेलमी हसला नाही.

"आधी पापकबुली," कॅथलिक पाद्री म्हणाला. "आणि तुला जरा जास्त. चर्चच्या दारात गुडघे टेकून म्हण, मी पाखंडी होतो."

त्याने म्हटलं. भर बाजाराच्या दिवशी.

रांगेत तीनशे माणसं. राजा येण्याआधी राजवैद्य एकेकाला तपासत आला. त्याने ज्युदितचं तोंड उघडलं आणि नाक मुरडलं.

"ही कसली गंडमाळ? दाढ किडलीय. न्हाव्याकडे न्या. चला, पुढचा."

न्हाव्याने दाढ उपटली, वाडगाभर पू निघाला, चौथ्या दिवशी पोर पाव हाणत होती. तोवर पाद्र्याने वेदीवरून चमत्कार जाहीर केला होता.

ह्यूगनोंचे वडीलधारे गास्पार उंबऱ्याबाहेरच थांबले. प्रभुभोजनाला बसू देणारा शिशाचा बिल्ला त्यांच्या मुठीत होता.

"चौकात एवढंच सांग, राजाने हिला बोट लावलं नाही. बिल्ला तुझा."

"नाहीच लावलं, गास्पारकाका."

"मग सांग की."

"चौकात राजाचे भालेकरी बसलेत. याल माझ्याशेजारी उभे राहायला?"

काकांना एकाएकी खोकला आला. बिल्ल्यासकट ते गेले.

"उद्या विचारलं तर राजाने बोट लावलं म्हणायचं," बार्तेलमीने लेकीला सांगितलं.

"पण न्हाव्याने चिमटा लावला."

"राजाने."

"खोटं बोललं की जीभ झडते, तुम्हीच सांगता, बाबा."

"झडू दे. डोकं तरी राहील."

रविवारी चौकात ज्युदित घडाघडा बोलली. बोट उबदार होतं म्हणाली. त्याला गुलाबाचा वास होता म्हणाली. बायका रडल्या.

घरी आल्यावर बार्तेलमीने विचारलं, "अजून दुखतं का गं?"

"नाही, बाबा," ती म्हणाली, चौकातल्याच आवाजात.

त्याने तिला उजेडात नेलं आणि तोंड उघडून बघितलं.