मायनस अठरा

"एक मीटर बिघडलंय, येऊन बघा," असा डोंबिवलीच्या रंगांच्या कंपनीतून फोन आला आणि शिवानी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून तडक निघाली. खिशाला अडकवायचं, हवेत विषारी वाफ वाढली की कोकलणारं ते मीटर तिनं आणि साईनाथनं मिळून बनवलेलं. चार वर्षं एका टेबलावर बसून, एकाच डब्यातलं जेवून. साईनाथवर तिचा डोळे झाकून विश्वास होता, आणि असा विश्वास ठेवणाऱ्यांचं जे होतं तेच तिचं झालं.

मीटरची एक खोड होती. ज्या हवेत चालू कराल, ती हवा स्वच्छ धरूनच ते पुढचं मोजायचं. म्हणून ते गेटबाहेर चालू करायचं. पण आपली माणसं कसली ऐकतात! हजेरी लावून धावत आत जाणार आणि मशिनपाशी पोचल्यावर बटण दाबणार. म्हणून शिवानीनं प्रोग्रॅममध्ये कुलूपच घातलेलं. हवा आधीच खराब असेल तर मीटर चालू होणार नाही.

"एकोणीस मस्त चालतात मॅडम, हे एकच आत चालू होत नाही," सुपरवायझर कमलेश म्हणाला.

एक चालू होत नाही म्हणजे आतली हवा खराब, मग बाकीची चालू कशी झाली, शिवानीला कळेना. 'मस्त चालणारं' एक मीटर घेऊन ती गेटबाहेर चहाच्या टपरीपाशी गेली. आकडा उतरत उतरत मायनस अठरावर थांबला. म्हणजे आतली वाफच त्यानं शून्य धरलेली. कुलूप कोणीतरी काढलं होतं, आणि ते तिच्याशिवाय एकालाच जमत होतं.

तिनं साईनाथला फोन लावला.

"अगं, मीटर आत चालूच झालं नसतं, नाहीतर सारखं वाजलं असतं, तर त्यांनी ऑर्डरच कॅन्सल केली असती," तो म्हणाला. "प्रॅक्टिकल हो ना जरा!"

मेल्यानं केसानं गळा कापला होता. तिनं फोन ठेवला आणि आधी सगळ्या कामगारांना शेडबाहेर काढलं.

"ही एकोणीस मीटरं खोटं बोलतायत," ती म्हणाली. "बंद पडलेलं कोणाचंय? तेवढं एकच खरं आहे."

गुणाजीकाका पुढे आले. साईनाथचे वडील.

"माझं गं पोरी. साईनाथनं स्वतः आणून दिलेलं. म्हणालेला, बाबा, हे कोणाबरोबर बदलू नका..."

बोलता बोलताच काका थांबले. शेजारी धाकू उभा होता, बावीस वर्षं त्यांच्याबरोबर राबलेला जोडीदार, खिशाला त्या एकोणिसांतलंच एक मीटर. त्याच्याकडे त्यांना बघवेना.