रिकामं जातं

"मोहरीएवढी दुधात उगाळून द्या. तुमची नात निजंल, माझी लेक बी निजंल," म्हणत विहीण कोंडाबाईने अफूची डबी माझ्यापुढे सरकवली. तेव्हा निजामाच्या राज्यात अफू सरकारमान्य दुकानातच मिळे.

नात गुरुबाई भर दुपारी अंगणात स्वतःभोवती गरागरा फिरत होती. सात वर्षांची झाली तरी तोंडात शब्द नाही आणि डोळ्याला झोप नाही. तिच्यापायी जागून माझी सून पद्माबाई चुलीपुढे पेंगली नि पदर जाळून बसली.

"रानात जाणाऱ्या समद्या बाया देत्यात की."

"त्यांची लेकरं बघितलाव? तोंडावर माशी बसली तरी हलंनात. माझ्या नातीला न्हाई द्यायची."

"मग आज निजवून दावा. न्हाईतर पद्मीला माहेरी घिऊन जाते. पोरीचं तुमी बघा."

मी जात्यावर बसले. गुरुबाई माझ्या ओव्यांनीच निजते, असं मी साऱ्या आळीत सांगत असे. माझा गळा आहेच तसा. पोरगी येऊन जात्याशेजारी भुईला गाल लावून पडली. डोळे मिटत आले आणि नेमकी ज्वारी संपली. हात थांबला, मी गातच राहिले. ती ताडकन उठून किंचाळू लागली. मग मी तोंड मिटलं नि रिकामंच जातं ओढलं. पुन्हा तिचा गाल भुईला.

म्हणजे इतकी वर्षं तिला माझ्या गळ्याचं काहीच नव्हतं. असू दे.

"ईनबाई, रिकामं जातं फिरवायलाव? घरात दाणा उरत न्हाई आशानं."

"न उरू दे. पोर निजायलीया."

दगडावर दगड खरखरत राहिला. पोरगी निजली. उंबऱ्याला टेकून पद्माबाईही निजली. कोंडाबाईने लेकीकडे बराच वेळ पाहिलं, डबी कनवटीला खोचली आणि एकटीच गेली. दुसऱ्या दिवशी भाकरीत दगडाची कच लागली. सगळ्यांना मी निमूट खायला लावली.

पुढे कमलनगरला इंजिनाची गिरणी आली. आळीतली जाती कोपऱ्यात गेली. जात्याला टाकी लावून दगड पुन्हा खरबरीत करायला पाथरवट मल्लप्पा आमच्याच तेवढ्या घरी येऊ लागला. एकदा वरच्या दगडावरून हात फिरवून म्हणाला, "अव्वा, पार गुळगुळीत झालंय. कुणाकुणाचं दळायलाव?"

"घरचंच. ठोकायचं ते भायेर निऊन ठोक. पोरगी आत्ताच निजलीया."

मल्लप्पाने दगड खांद्यावर घेतला, चपला हातात धरल्या आणि अनवाणीच अंगण ओलांडून बाहेर गेला.