टेबलाला बांधलेला चष्मा

मी एक चष्मा आहे, पण कुणा एकाचा नाही. ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या मोठ्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाच्या पायाला मला जाड निळ्या दोऱ्याने बांधून ठेवलंय. गाय बांधतात तसं. हसू नका, कारण सांगितलं की तुम्हाला पटेलच.

माझा जन्म एका अरुंद दुकानातला. चष्मेवाल्याने काचा घासल्या, तपकिरी फ्रेममध्ये बसवल्या आणि उजेडाकडे धरून म्हणाला, "घ्या, आता मुंगीचे पायसुद्धा मोजा." नंबर अधिक अडीच, जवळचं वाचण्यासाठी.

माझे पहिले मालक पोस्टमन होते. सायकलवरून उतरायचं, मला नाकावर चढवायचं, पत्ता वाचायचा आणि मला कपाळावर सरकवून पुढे जायचं, असा आमचा दिवस. अकरा वर्षं मी लोकांच्या पत्रांवरचे पत्ते वाचले. आतलं एकही पत्र वाचायला मिळालं नाही, याची थोडी चुटपुट मला आजही आहे.

पुढे ते निवृत्त झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा नंबरच बदलला. मला टाकून देववेना, म्हणून एक दिवस त्यांनी मला केंद्राच्या टेबलावर आणून ठेवलं. "कोणी चष्मा विसरलं तर राहू दे," म्हणाले.

विसरणारे काय, रोजच असतात! आणि पहिल्याच आठवड्यात निवृत्त बसकंडक्टर काका मला कपाळावर तसाच ठेवून घरी गेले. नाकावर त्यांचा, कपाळावर मी. दार उघडून काकू म्हणाल्या, "जाताना चार डोळे होते, येताना सहा कसे?" दुसऱ्या दिवशी ताईंनी मला दोरा बांधला. ताई म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापिका. वयाने सगळ्यांत लहान, पण सत्तरीची माणसंही त्यांना ताईच म्हणतात.

केंद्रात सकाळी आधी खुर्चीत बसून व्यायाम होतो, मग चहा, आणि मग पेपरवाचन. पेपर एक, डोळे चाळीस, आणि त्यातल्या निम्म्या डोळ्यांत थेंब घातलेले. म्हणून एक नियम पडून गेला होता, की जो मला डोळ्यांवर चढवेल त्याने सगळ्यांसाठी मोठ्याने वाचायचं. मला एकेक तऱ्हा बघायला मिळायच्या. कंडक्टरकाका वाचता वाचता "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत अर्ध्या बातम्या गाळायचे. निवृत्त नर्समावशी फक्त निधनवार्ता वाचायच्या आणि प्रत्येकाचं वय बघून म्हणायच्या, "बहात्तर. लहानच होते की."

मग एक दिवस गवंडीबुवा आले.

उंच, वाळलेला माणूस, हाताचे तळवे खरखरीत. आयुष्यभर त्यांनी लोकांची घरं बांधली होती. बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आले होते. पहिल्याच दिवशी कंडक्टरकाकांनी मला त्यांच्या हातात ठेवलं. "नवीन माणूस, नवीन आवाज. होऊन जाऊ द्या बुवा!"

बुवांनी मला लावलं आणि पेपर उघडला. आणि मी चमकलो. वाचणाऱ्याचे डोळे कसे, ओळीवरून सरसर चालतात, ओळ संपली की टुणकन खालच्या ओळीवर येतात. बुवांचे डोळे चाललेच नाहीत. पेपरच्या मधोमध एका जागी थांबून राहिले. तोंड मात्र धडाधड सुरू होतं. कुठे पूल खचला, कुठे मंत्री रागावले, सगळं बरोबर. आणि शेवटी अशी बातमी, की सर्कशीतला घोडा सुटला आणि न्हाव्याच्या दुकानात जाऊन रांगेत उभा राहिला!

खोली हसून लोळायची बाकी राहिली. "उद्याही तुम्हीच वाचा," असा एकमुखी ठराव झाला.

बुवांना वाचता येत नाही, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. सकाळी ते घरी रेडिओ नीट ऐकून यायचे आणि त्यात स्वतःचं थोडं मिसळायचे. आकडे त्यांना येत होते. मापं घेण्यात जन्म गेलेला, आकडे येणारच. सही ते चित्र काढल्यासारखी काढायचे. बाकी अक्षरं म्हणजे त्यांच्यासाठी भिंतीवर बसलेल्या माश्या. कोणी म्हणालं, "बुवा, ही घोड्याची बातमी मला का सापडत नाही?" तर शांतपणे म्हणायचे, "आतल्या पानावर असेल बघा."

अशी दोन वर्षं मजेत गेली. तळ्यावरच्या सहलीने घोळ केला.

ताईंनी सहलीची सूचना लिहून टेबलावर चिकटवली आणि त्या बँकेत गेल्या. "बुवा, वाचा हो," नर्समावशी म्हणाल्या. कागदावर सातचा आकडा होता, तो बुवांना दिसला. वार मात्र अक्षरात होता. मागच्या वर्षी सहल रविवारी गेली होती. बुवांनी क्षणभर माझ्याआडून कागदाकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "रविवारी सकाळी सातला बस सुटेल."

कागदावर शनिवार होता.

शनिवारी सातला बस आली, तेव्हा फाटकापाशी दोघीच उभ्या होत्या. ताई आणि शाळेतल्या निवृत्त बाई, ज्यांनी सूचना स्वतः वाचली होती. ताईंनी फोनावर फोन लावले. कोणी अंघोळीत, कोणी अजून अंथरुणात, एकाची कवळीच सापडेना. ड्रायव्हरला साडेआठला दुसरी फेरी होती. तो तासभर थांबला आणि बस घेऊन निघून गेला.

सोमवारी खोलीत ही गरमागरमी! सर्वांत जास्त चिडले होते कंडक्टरकाका. "तीस वर्षं मी एक फेरी चुकवली नाही, आणि माझीच बस चुकली! वाचलं कोणी होतं?"

सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवांनी मला डोळ्यांवरून काढलं आणि म्हणाले, "या चष्म्यात काही दम नाही राहिला. शनीचा रवी दिसतो."

"अहो, मग फेकून द्या ना तो!" काका म्हणाले.

ताईंनी दोरा कापला आणि मला ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे माझ्या सोबतीला संपलेले सेल होते, वाळलेली पेनं होती आणि एक मलमाची ट्यूब. मला तोंड असतं ना, तर त्या दिवशी मी खोली डोक्यावर घेतली असती.

बुवा मंगळवारी आले नाहीत. बुधवारी नाहीत. पुढचा आठवडाही गेला. कंडक्टरकाका वाचायला बसले, पण कोणाचं लक्ष लागेना.

मग एका दुपारी बाई गाण्याचे कागद कापायला कात्री शोधत होत्या, तेव्हा मी त्यांच्या हाताला लागलो. त्यांनी सहज मला डोळ्यांवर धरलं आणि मलमाच्या ट्यूबवरची तारीख वाचली. मग तिच्याखालची बारीक अक्षरं वाचली. सगळी स्वच्छ. मग चष्म्यात दोष कुठला? चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई ती. पाठ नसलेली कविता ओठ हलवून म्हणणारी किती मुलं तिने पाहिली असतील! मला पर्समध्ये टाकून त्या थेट बुवांच्या घरी गेल्या.

सूनबाईंनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. बाईंनी मला टेबलावर ठेवलं.

"बुवा, याचा नंबर बरोबर आहे. मी वाचून बघितलं."

 बुवा आतल्या दाराकडे बघत म्हणाले, "हळू बोला. सूनबाईला माहीत नाही. घरी मी चष्मा सापडत नाही म्हणतो, ती वाचून दाखवते."

"कधी शिकला नाहीत?"

"सात वर्षांचा होतो, बापाबरोबर विटा उचलायला लागलो. नंतर विचारायची लाज वाटली. मग लाजेचीच सवय झाली." बुवांनी चहाची कपबशी उगाच फिरवली. "बाई, त्या टेबलाशी बसलो की वीस माणसं माझं ऐकतात हो. बांधकामावर कोणी ऐकलं होतं माझं? हे कळलं तर सगळे हसतील. मग मी कुठल्या तोंडाने येऊ? घरात बसून भिंती मोजू?"

"आणि दोष या बिचाऱ्यावर ढकललात?"

"तो बोलत नाही ना," बुवा खाली बघत म्हणाले.

बाई हसल्या. "मीही बोलणार नाही. पण उद्या दुपारी दोनला केंद्रात या. अडगळीच्या खोलीत ओल आलीय, भिंतीला गिलावा करून देतो म्हणून सांगा. त्या वेळी तिकडे कोणी फिरकत नाही."

तर मित्रहो, असा माझा शाळेतला प्रवेश झाला! बुवा ओल्या गिलाव्याचा एक हात मारायचे, बाई त्यावर काडीने अक्षर काढायच्या, बुवा शेजारी थापीच्या टोकाने तसंच काढायचे. तास संपला की थापी फिरवून सगळं पुसून टाकायचं. माझ्या काचांवर रोज सिमेंटचे शिंतोडे.

पहिले चार दिवस बुवांना काही जमेना. "सगळी एकमेकांची भावंडं दिसतात," म्हणून वैतागायचे. पाचव्या दिवशी बाईंनी विचारलं, "भिंत सरळ यावी म्हणून तुम्ही आधी काय करता?"

"दोरी बांधतो. दोरीला धरून विटा."

"मग ही बघा दोरी." बाईंनी गिलाव्यावर एक आडवी रेघ ओढली. "फक्त अक्षरं दोरीवर बसत नाहीत, खाली लटकतात."

बुवा बघत राहिले. "म्हणजे वाळत घातलेले कपडे!" आणि त्यांनी रेघेखाली एकेक अक्षर टांगायला सुरुवात केली. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या काचांमागे त्यांचे डोळे सरकताना जाणवले. हळूहळू, अडखळत, पण डावीकडून उजवीकडे!

एका भिंतीला दोन महिने लागले. कंडक्टरकाका बंद दाराबाहेरून ओरडायचे, "काय बुवा, राजवाडा बांधताय का आत?" बुवा म्हणायचे, "ओल फार खोल आहे हो."

बुवा वाक्य वाचू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता काच बदलून आणली म्हणून सांगू, म्हणजे कोणी काही विचारणार नाही."

बुवांनी मान हलवली. "नको बाई. थापी आहे तेवढी पुरे, आता आणखी थाप नको."

पुढच्या मंगळवारी चहा झाल्यावर बुवा उभे राहिले. खिशातून मला काढलं. माझी दांडी दोनदा त्यांच्या कानाला चुकली.

"हा चष्मा चांगला आहे. सहलीचा घोळ माझा. मला वाचता येत नव्हतं."

 नर्समावशी म्हणाल्या, "मग दोन वर्षं पेपर?"

"रेडिओ ऐकून यायचो. उरलेलं पदरचं."

कंडक्टरकाकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तो घोडा?"

"नव्हता."

"न्हाव्याच्या दुकानात रांगेत उभा राहिलेला?"

"नाही हो काका."

"अहो, मी तो जावयाला सांगितला! तो ऑफिसात सांगत फिरला!" काका कपाळावर हात मारून जे हसायला लागले, ते थांबेचनात. मग सगळी खोली त्यांच्यामागे. हसता हसता काकांनी बुवांसाठी खुर्ची ओढली. "बसा. आणि आता खरं वाचा."

बुवांनी बोट ओळीखाली धरलं. "उ... उद्या... स... सकाळी..." काका पुढचा शब्द सांगायला गेले, तर बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पहिलीतल्या मुलासारखे गप्प बसले.  एवढीशी ओळ वाचायला बुवांना तीन मिनिटं लागली. "...पाणी... येणार... नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला! मावशी रुमालाने डोळे पुसत होत्या, आणि अचानक ओरडल्या, "अहो टाळ्या काय वाजवताय, उद्या पाणी नाही!"

मग जो तो आपापल्या घरी फोन लावायला धावला. बुवांनीही ताईंच्या टेबलावरून फोन लावला. मी त्यांच्या नाकावरच होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"सूनबाई, पाणी भरून ठेव. उद्या येणार नाही. पेपरात आलंय... नाही, कोणी सांगितलं नाही. मीच वाचलं."

"बरं बाबा," सूनबाई सहज म्हणाल्या, "येताना ब्रेड आणा," आणि फोन ठेवला. सूनबाईंना त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं. बुवा फोन हातात धरून कितीतरी वेळ हसत उभे होते.

आता मी पुन्हा टेबलाशी बांधलेला आहे. बुवांच्या रुंद नाकामुळे माझी फ्रेम पसरलीय, बाकीच्यांच्या नाकावरून मी घसरतो. एका काचेच्या कोपऱ्यात सिमेंटचा ठिपका राहिलाय, तो पुसू नका असं बाईंनी ताईंना सांगून ठेवलंय. बुवा रोज सहा ओळी खऱ्या वाचतात. मग पेपर मिटतात आणि काका म्हणतात, "झालं ना? आता तुमची बातमी सांगा."

वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. कधी तुमच्या शेजारचा माणूस कागद पुढे करून म्हणाला, "जरा वाचा हो, चष्मा विसरलो," तर त्याच्या खिशात डोकावू नका. आधी वाचून दाखवा. आणि मग आसपास कोणी नाही असं बघून, हळूच त्याच्या शेजारी बसा.