पाठ झालेला कागद

वर्गात तिला सगळे 'पाठांतर' म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण चुकीचं ठेवलं नव्हतं. मेंदूचे भाग, हाताचे स्नायू, सांध्यांचे कोन, सगळं तिला घडाघडा यायचं. शिक्षकांचा प्रश्न अर्धा झाला की हिचं उत्तर सुरू. तीन वर्षं असं छान चाललं आणि मग तिला वॉर्डात पाठवलं. तिथं पेशंट प्रश्नच विचारत नव्हते, त्यामुळे हिचं घोडं अडलं.

ती शिकत होती त्या विषयाचं, व्यवसायोपचाराचं, नाव भारदस्त आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, दुकान कसं चालवायचं ते शिकवत असतील. काम मात्र साधं. अंघोळ, शर्टाची बटणं, चहा, दाराची कडी, असल्या रोजच्या गोष्टी आजारपणात माणसाच्या हातून सुटतात. त्या पुन्हा त्याच्या हातात द्यायच्या. आणि हा माणूस घरी एकटा राहू शकेल का, ते डॉक्टरांना सांगायचं. हे शेवटचं काम पुस्तकात दीड पानात उरकलेलं आहे.

वॉर्डातल्या मॅडमचं नाव विद्यार्थ्यांनी 'कशावरून' ठेवलं होतं. मॅडमना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

"पेशंट आज बरे आहेत," पाठांतर पहिल्या आठवड्यात म्हणाली होती.

"कशावरून?"

"हसले माझ्याकडे बघून."

"तुझी फजिती बघून हसले असतील. बरे आहेत कशावरून?"

पाठांतरचं तोंड एवढंसं झालं. मॅडम म्हणायच्या, "दिसलं ते एक, आणि त्यावरून तू काय ठरवलंस ते दुसरं. या दोन्हींच्या मध्ये जे असतं ते शिकायला तू इथं आलीस." पाठांतरनं हे वाक्यही वहीत उतरवून घेतलं आणि पाठ केलं. काय बोलणार!

तिच्या वाट्याला पाचव्या खाटेवरचे पोस्टमन काका आले. चौतीस वर्षं एकाच भागात टपाल वाटून निवृत्त झालेले. बायको जाऊन बराच काळ झाला होता, मुलगी दूर दुसऱ्या गावी नोकरीला. दोन महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला आणि काका बाथरूममध्ये पडले. डावा हात-पाय हळूहळू परत आले. डोळे ठणठणीत. पण डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलंच नव्हतं. दाढी करायचे ती उजव्या गालाची, आणि आरशात बघून म्हणायचे, "झाली की गुळगुळीत." डावीकडून कुणी हाक मारली तर उजवीकडे शोधायचे. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की आपल्याला काही दिसत नाही हे त्यांना कळत नव्हतं. नसलेल्या गोष्टीची उणीव कशी भासणार?

त्यांची मागणी एकच होती. आपल्या घरी जायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि खिडकीखाली तोच रस्ता ज्यावर ते आयुष्यभर हिंडले. "माझ्या दाराची कडी रात्री मी लावणार," ते म्हणायचे. "दुसऱ्यानं बाहेरून लावलेल्या कडीत मला झोप यायची नाही." घरी राहणं जमलं नाही तर वृद्धांच्या संस्थेत जावं लागेल, असं मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं. तिचाही नाइलाज होता. तिच्या घरी दिवसभर कुणी नसायचं.

पाठांतरनं मनात ठरवूनच टाकलं, या माणसाला मी घरी पाठवणार.

तिच्याकडे ताऱ्यांचा कागद होता. आडव्या कागदावर अक्षरं, मोठे तारे आणि त्यात विखुरलेले बावन्न लहान तारे. लहान तेवढे शोधून पेन्सिलीनं काट मारायची. पहिल्या दिवशी काकांनी चोवीस शोधले, सगळे उजवीकडचे, आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "सोपं होतं." तिनं कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. "काका, लाल दिसेपर्यंत मान वळवायची. अजून. अजून थोडी. वळवा ना हो, तुमच्या पाया पडते." काका वळवायचे. एकतीस झाले. मग अडतीस. काकांना त्याची इतकी गोडी लागली, की ती वॉर्डात शिरायच्या आत त्यांचा हात पेन्सिलीसाठी पुढे असायचा. "आण पोरी, आजचे तारे आण." ती रोज तोच कागद आणायची.

त्या कागदाच्या पाकिटावर एक ओळ छापलेली होती: हा कागद तपासणीचा आहे, सरावासाठी वापरू नये. पाठांतरला ती ओळ पाठ होती. दुसऱ्या वर्षी तिनं ती परीक्षेत लिहून दोन मार्कही मिळवले होते.

सरावाच्या स्वयंपाकघरात चहाचंही असंच झालं. साखरेचा डबा डावीकडे, चहाचा त्याच्या शेजारी, शेगडीचा उजवा बर्नर. काका म्हणत, "हात लांब केला की डबा. त्याच्या अलीकडे दुसरा." आठवडाभरात ते बिनचूक चहा करायला लागले. एक कप तिला द्यायचे आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिनं इतका गोड चहा आयुष्यात प्यायला नव्हता, पण तिला तो आवडायचा.

सहाव्या आठवड्यात काकांनी बावन्नपैकी बावन्न ताऱ्यांवर काट मारली. मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला.

"घरी राहू शकतील. कशावरून?"

पाठांतरची छाती फुगली. तारे पूर्ण. चहा सलग पाच दिवस बिनचूक. आणि जेवणाच्या तक्त्यावर रोज 'ताट पूर्ण संपवलं' अशी नोंद. डावीकडचं दिसत नसतं तर अर्धं ताट राहिलं असतं की नाही? मॅडमनी तीनही कागद पुन्हा पाहिले, किंचित हसल्या आणि सही केली. तिला वाटलं, आपल्याला विचार करता यायला लागला. सोमवारी काकांनी घरी जायचं ठरलं. मुलगी येऊन घर झाडून-पुसून गेली.

शनिवारी वॉर्डातल्या मावशी रजेवर होत्या. पाठांतर सहज म्हणून जेवणाच्या वेळी पाचव्या खाटेशी गेली. काका हात पुसत होते.

"आज जेवण कमी दिलं गं. भूक राहिली."

ताटाची उजवी बाजू लख्ख होती. डाव्या बाजूला भात, भाजी, सगळं जसंच्या तसं. तिनं हात पुढे करून ताट फिरवलं.

"अरे वा," काका म्हणाले. "आणलंस होय!"

मावशींना तिनं फोन केला. मावशी सरळ बाई, त्यांनी सरळ सांगितलं. "अगं, मी रोज फिरवते की ताट. अर्धं जेवून म्हातारा उपाशी राहायचा. बघवतं का? का, काही चुकलं का माझं?"

"नाही मावशी," ती म्हणाली. मावशींचं खरंच काही चुकलं नव्हतं.

जेवणाची नोंद खोटी निघाल्यावर उरलेल्या दोन गोष्टींचा विचार करायला तिला कुणी सांगावं लागलं नाही. काकांना तारे दिसत नव्हते, पाठ झाले होते. डबे दिसत नव्हते, पाठ झाले होते. तिला स्वतःला जे एक येत होतं तेच तिनं त्यांना शिकवलं होतं. ती जिन्यात बसून रडली. वर्गात पहिली आलेली मुलगी अशी रडते तेव्हा जाम वाईट दिसते.

मनात आलं, गप्प बसावं. सही मॅडमची आहे. सोमवारी काका घरी जातील, दाराला कडी लावतील, खूश राहतील. मग तिला ती शेगडी दिसली, त्यांच्या घरातली, आणि खिडकीखालचा रस्ता, जिथं गाड्या दोन्ही बाजूंनी येतात. ती उठली आणि मॅडमकडे गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मीही ताट पाहायला गेले नाही," एवढंच म्हणाल्या. "पुन्हा तपास. दुसरा कागद घे. डबे हलव."

"मॅडम, दुसऱ्या कुणालातरी सांगा ना. प्लीज."

"तुझ्यासमोर ते जिवाचं रान करतील. त्यांना तेवढी तरी संधी मिळू दे. तूच कर."

रविवारी सकाळी तिनं नवा कागद ठेवला. ताऱ्यांच्या जागी लहान त्रिकोण. लाल पट्टी नाही. काकांनी कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"हा आपला नाही."

"आज हा करायचाय काका."

"का?"

तिनं पेन्सिल त्यांच्या हातात दिली. काकांनी मनापासून केलं, जीभ दातात धरून, चाळीसपैकी अठरा. मग स्वयंपाकघर. तिनं दोन्ही बर्नर पेटवून दोन भांडी ठेवली होती आणि साखरेचा डबा मागे सरकवला होता. काकांनी हात लांब केला. तिथं डबा नव्हता. हात बराच वेळ ओट्यावर चाचपडत राहिला. "राहू दे, बिनसाखरेचा पिऊ," असं म्हणून त्यांनी चहा गाळला, उजवा बर्नर बंद केला, ओटा पुसला, फडकं डावीकडे टाकलं.

"सगळं बंद केलंत काका? नीट बघा एकदा."

काकांनी नीट बघितलं. त्यांच्या परीनं अगदी नीट. "झालं," ते म्हणाले आणि दाराकडे निघाले. फडक्याचं टोक डाव्या बर्नरच्या आचेपासून वीतभर होतं. तिनं ते उचललं आणि बर्नर बंद केला. तो आवाज त्यांना ऐकू आला असावा.

"नापास केलंस काय गं?"

"काका, हे बघा." तिनं कागद समोर धरला, त्यांची हनुवटी हळूच डावीकडे वळवली, सुटलेल्या त्रिकोणांवर बोट ठेवलं. "हे बावीस राहिले."

काकांनी पाहिले. आता त्यांना ते दिसत होते. "हे मघाशी नव्हते."

"होते काका."

"पोरी, मी बिनपत्त्याची पत्रं पोचवलीयत. मला शिकवू नकोस. हे तू आत्ता काढलेस." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी तिचं मनगट धरलं. "तो जुना कागद आण ना. तो मला येतो."

ती काय दाखवणार होती त्यांना? त्यांना जे दाखवायचं ते नेमकं तिथं होतं, जिथं त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. दाखवलं की ते असायचं आणि बोट उचललं की संपायचं. डोकं आपटलं असतं तरी फरक पडला नसता. तिनं नवा रिपोर्ट लिहिला. एकही शब्द खोटा नव्हता त्यात, आणि लिहिताना तिला स्वतःची किळस येत होती.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅडमनी चूक आपली म्हणून सांगितली. डॉक्टरांनी मान डोलावली आणि खाट कधी रिकामी होईल ते विचारलं. काकांची मुलगी बाहेर बाकावर बसली होती. ती पाठांतरवर ओरडली नाही.

"तुम्हीच सांगितलं ना जमेल म्हणून?" ती म्हणाली. "मी बाबांना फोनवर सांगून बसले. आता कसं सांगू?"

"माझं चुकलं ताई."

"हो," मुलगी म्हणाली. "पण सांगायचं मला आहे."

पाठांतरनं शेवटची धडपड म्हणून आणखी दोन महिने उपचार वाढवायची विनंती लिहून दिली. रोज घरी कुणी येऊ शकेल का, याचीही चौकशी केली. खाट नव्हती. यायला माणूस नव्हतं. सगळे तिच्याशी चांगलं बोलले. संस्थेची गाडी गुरुवारी येणार होती.

मुलीनं सांगितल्यापासून तीन दिवस काकांनी पेन्सिलीसाठी हात पुढे केला नाही. ताट आलं की जेवायचे, आणि मावशी ताट फिरवायच्या. आता फिरवायला कुणाची हरकत नव्हती.

गुरुवारी सकाळी काकांना चाकाच्या खुर्चीत बसवून मुलीनं लिफ्टपाशी आणलं. मांडीवर पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट, दोन्ही गालांची दाढी केलेली. ती मुलीनं केली असावी. पाठांतर मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, त्यांना दिसेल अशी. मॅडम मागे थांबल्या.

"काका," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं. ती पुढं काही बोलणार, एवढ्यात त्यांची मान फिरायला लागली. हळूहळू, अडखळत, मध्ये एकदा थांबून. हनुवटी छातीवरून पुढे सरकली, डाव्या खांद्याशी गेली, आणखी पुढे गेली. लाल पट्टी नव्हती, कुणी वळवत नव्हतं. सहा आठवडे ती ज्यासाठी रोज पाया पडत होती ते पुरं वळण काकांनी आपलं आपण घेतलं, आणि डावीकडच्या कोऱ्या भिंतीवर नजर रोवून बसले.

"बाबा, अहो, त्या आल्यात ना भेटायला," मुलगी म्हणाली.

"कोण?" काका भिंतीकडे बघत म्हणाले. "इथं तर कुणी नाही."